कांद्याच्या बराखीतून वर्गणी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडंतिकडं आहे, ओळ लिहिता लिहिता खाली उतरत जाते, आणि वेलांटी पहिली की दुसरी हा घोळ मला आजही सुटत नाही. हे कागद कोणाच्या हाती लागावेत अशी इच्छा नाही, पण लागलेच तर चुकांबद्दल आधीच माफी मागून ठेवते. पोरीच्या जुन्या प्रॅक्टिकलच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे. दुपारी घरातले आडवे झाले की थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात जमेल तसं.

लिहायचं कारण एवढंच की मला बोलता येत नाही. मुकी नाही मी. घरात बोलते, शेळ्यांशी तर फारच बोलते. पण चार माणसं समोर बसली की तोंडातून शब्द निघत नाही. लग्नात बायका नाव घेण्याचा आग्रह करायला लागल्या की मी भांडी घासायला निघून जाते. आणि या उन्हाळ्यात आमच्या घरात असं काही झालं की ते सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तोंडानं सांगता येत नाही, म्हणून हातानं सांगते.

आम्ही जुन्नर तालुक्यात आण्याच्या पठारावर राहतो, गावापासून जरा लांब वस्तीवर. पोरगी पुण्याला विद्यापीठात शिकते. तिचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. त्या वर्षाच्या फीची काळजी चालली असतानाच विद्यापीठाच्या एका कचेरीनं तिला काम दिलं. काम असं, की पूर्वी तिथं शिकून गेलेल्या लोकांना फोन करायचे आणि गरजू मुलींच्या फीसाठी, वसतिगृहासाठी त्यांच्याकडून वर्गणी मागायची. कॉम्प्युटर कचेरीनं दिला, कानाला लावायचा हेडफोन दिला, आणि तिची शेवटच्या वर्षाची फीसुद्धा आधीच भरून टाकली. ते पैसे तिनं फोन करून फेडायचे. रोज संध्याकाळच्या कामाचा पगार हातात न येता त्यातच वळता व्हायचा.

"म्हंजी उचल," पोरीचे वडील म्हणाले. आमच्याकडं ऊसतोडीला माणसं येतात, त्यांना मुकादम आधी पैसे देतो आणि मग कामातून वसूल करतो, त्याला उचल म्हणतात. "उचल घेतली म्हंजी तू आता मुकादमाचा बैल झालीस की गं."

"बैलाला हेडफोन देत न्हाईत दादा," पोरगी वडिलांना म्हणाली.

हसण्यावारी नेलं, पण त्यात एक अट होती आणि ती मला पाठ झाली होती. काम मध्येच सुटलं, किंवा कचेरीनं काढून टाकलं, तर राहिलेले पैसे कॉलेज सुरू व्हायच्या आधी एकदम भरायचे. नाही भरले तर शेवटच्या वर्षाला नाव लागणार नाही. आमच्याकडं एकदम भरायला काही नव्हतं. जे होतं ते कांदा होऊन बराखीत पडलं होतं आणि त्याला कोणी भाव विचारत नव्हतं. म्हणजे पोरीचं शेवटचं वर्ष त्या फोनवरच लटकलेलं होतं.

मला आधी वाटलं, या कामासाठी तिला पुण्यातच राहावं लागणार. पण तसं नव्हतं. सुट्टीत सगळी मुलं आपापल्या घरून काम करत होती. कोणी लातूरच्या बाजूचं, कोणी साताऱ्याचं, एक मुलगी तर नंदुरबारची. संध्याकाळी सगळ्यांची तोंडं कॉम्प्युटरवर छोट्या छोट्या चौकोनांत दिसायची. त्यांच्यावरच्या मॅडम पुण्यातून सगळ्यांना दोन शब्द सांगायच्या, मग चौकोन जायचे आणि ज्याचं त्याचं काम सुरू. कोणी कोणाला फोन करायचा तेही तालुक्यावर ठरवलेलं. जुन्नर-आंबेगावची माणसं आमच्या पोरीकडं. आपल्या भागातल्या पोरीचा फोन असला की माणूस लगेच ठेवून देत नाही, असं मॅडमचं म्हणणं.

अडचण एकच, घरात रेंज येत नाही. स्वयंपाकघरात एक काडी, ओट्यावर दोन, आणि भरपूर रेंज कुठं तर उंचावरच्या कांद्याच्या बराखीत. बराख म्हणजे कांदा साठवायची चाळ, दोन्ही बाजूंनी बांबूच्या पट्ट्या मारलेली, वाऱ्याची. तिच्या एका कप्प्यातला कांदा आधीच विकला होता. त्या रिकाम्या कप्प्यात आम्ही लोखंडी खाट टाकली, तिच्यावर जुनी पेटी, पेटीवर कॉम्प्युटर. फोन वर आढ्याच्या बांबूला सुतळीनं बांधला. पोरीनं खाली बसून कॉम्प्युटरवरून बोलायचं आणि वरच्या फोनमधून त्यात रेंज उतरायची.

पण दिवेलागणीला पोरीला बराखीत एकटं कसं सोडणार? उसाच्या कडेनं बिबट्या फिरतो, मागच्याच महिन्यात खालच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं. म्हणून मी काठी आणि बॅटरी घेऊन तिच्या शेजारी बसायची. रिकामं कशाला बसायचं म्हणून कांदा निवडायची, सडका एकीकडं, बरा एकीकडं. पोरीच्या वडिलांना त्याची फार गंमत वाटायची. "तू बिबट्याला काय हाकलणार? तू तर पाव्हण्यालाबी या म्हणत न्हाईस," म्हणायचे. "तुला बघून त्योच लाजून जाईल."

पहिल्या संध्याकाळी तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते. फोनची रिंग वाजायला लागली की कांदा हातातच राहायचा. पलीकडचं मला ऐकू यायचं नाही, फक्त पोरगी बोलायची ते कळायचं, आणि मधल्या गप्प जागा मी माझ्या मनानं भरायची. कॉम्प्युटरवर काय बोलायचं ते लिहून दिलेलं होतं. आधी तब्येत विचारायची, मग विद्यापीठातले दिवस आठवतात का विचारायचं, मग या निधीतून मुली कशा शिकतात ते सांगायचं, आणि शेवटी रकमेचं विचारायचं.

मला ते मागणं कसंतरीच वाटायचं. आमच्याकडं जत्रेची वर्गणी मागायला पाच-सहा बाप्ये मिळून जातात, घरोघर चहा होतो, पावती फाटते. एकट्या पोरीनं अनोळखी माणसाला, तेही न दिसणाऱ्या, पैसे मागायचे. पहिल्या दिवशी एकानं पुरतं ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्यानं दहा मिनिटं विद्यापीठाला शिव्या घातल्या आणि ती "हो सर, बरोबर आहे सर" करत राहिली. मी म्हटलं, ठेव तो फोन. तिनं हातानं मला गप्प केलं.

मग मंचरच्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन लागला. त्यांना वसतिगृहातली आमटी आठवली. पातळ आमटीवर ते इतकं बोलले की पोरगी हसू दाबून लाल झाली, आणि तिचं बघून मी पदर तोंडात कोंबला. त्यांनी पैसे दिले नाहीत, पण पुढच्या महिन्यात फोन कर म्हणाले. त्यानंतर घोडेगावच्या एका नर्सबाईंनी पहिली वर्गणी दिली. बोलता बोलताच दिली, पोरीच्या समोर कॉम्प्युटरवर हिरवी खूण आली. पोरीनं हेडफोन काढला आणि खाटेवरच उड्या मारायला लागली. खाट करकरली, वरचा फोन डुलायला लागला. मी काय करावं ते न सुचून शेळ्यांना संध्याकाळचा चारा दुप्पट टाकला.

त्या दिवसापासून मला संध्याकाळची ओढच लागली. दुपारपासून मी भाकरी उरकायच्या मागं असायची. पोरीचे वडील आळेफाट्याचं काम उरकून आले की त्यांना कालचं काय झालं ते सांगायची, आणि ते ऐकता ऐकता मलाच बघत राहायचे, कारण एवढं बोलताना त्यांनी मला पाहिलं नव्हतं. एकदा ऐन फोनच्या मध्ये शेळी ओरडली. पोरगी घाबरली, कारण मागं आवाज नको असा नियम होता. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं म्हणे, घरची शेळी का? व्यायली का? मग शेळीवरच बोलणं झालं, आणि वर्गणीही मिळाली. पोरीच्या वडिलांनी त्या शेळीला तेव्हापासून मॅडम म्हणायला सुरुवात केली.

आता तो दिवस सांगते ज्या दिवशी सगळं बिघडलं. आम्हाला दोघींना मात्र त्या दिवशी काही बिघडलंय असं वाटलंच नव्हतं.

आळे गावाकडचे मूळचे, पण पुण्यात स्थायिक झालेले एक वयस्कर इंजिनियर होते. पोरीचं आणि त्यांचं छान जमलं. आळ्यातली शाळा, कुकडीचा कालवा यायच्या आधीचं कोरडं शिवार, असं बरंच चाललं होतं. त्या दिवशी तिनं एका कानाचा हेडफोन जरा सरकवला होता, त्यामुळे त्यांचा आवाज मलाही थोडा येत होता. शेवटी तिनं कॉम्प्युटरवर लिहून आलेली रक्कम मागितली. ते म्हणाले, एवढीशी काय मागतेस, मी याच्या दहापट देतो.

पोरगी चटकन म्हणाली, "अय्या, नको नको सर. एवढे कशाला?"

ते पुन्हा म्हणाले, अगं देतो ना.

"नको सर, खरंच राहू द्या."

मी कांदा निवडता निवडता मान डोलावली. पोरीला वळण आहे असं मनात आलं. तेवढ्यात वरची रेंज गेली आणि फोन तुटला. परत लागेना. मी तिला म्हटलंसुद्धा, "बरं बोललीस."

बाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडं कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. पाहुणा जाताना पोराच्या हातावर नोट ठेवतो, तेव्हा पोरानं मूठ मिटून हात मागं घ्यायचा. मग पाहुणा ओढून देतो. तीनदा झालं की घ्यायचं. ताटात भाकरी वाढायला आलं की हात आडवा धरायचा, वाढणारी बोटांच्या फटीतून भाकरी सरकवते. पोरगी लहान असताना माझ्या नणंदेकडं पहिल्याच वेळी लाडू घेऊन मोकळी झाली, तेव्हा परत येताना मी तिला चिमटा काढला होता. ती शिकवण तिच्या अंगात अशी मुरली की विद्यापीठाच्या कामातही तीच बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. सगळे फोन रेकॉर्ड होतात आणि त्या ते ऐकतात. पोरीनं ओट्यावर बसून फोन घेतला, मी दाराआड उभी होते. मॅडम चिडल्या नव्हत्या. त्यांना फक्त काही समजत नव्हतं. देणारा देतोय आणि मागणारी नको म्हणतेय, असं त्यांनी आजवर कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी तिचे बाकीचे फोनही ऐकले होते. त्यातही जागोजाग ती म्हणाली होती, "नाही जमलं तरी चालेल," "तुमची अडचण असेल तर राहू द्या." वरचे साहेब म्हणाले होते की अशी मुलं या कामाला उपयोगाची नाहीत. मॅडमनी तिच्यासाठी शब्द टाकून या आठवड्यापुरती मुदत मागून घेतली होती. त्यात फरक दिसला नाही तर काम बंद, आणि उचलीचं राहिलेलं एकदम भरायचं.

पोरगी फोन ठेवून तशीच बसली. रडली नाही. "आई, मी वर्गणी मागते आणि मीच परत करते," एवढंच म्हणाली.  मला तिचं वर्ष दिसत होतं, पुण्याची ती खोली दिसत होती, तिची पुस्तकं.

पोरीचे वडील आल्यावर त्यांना सांगितलं. "येडे," ते म्हणाले, "देतोय तर घ्यायचं की."

मी त्यांना म्हटलं, आपल्या लग्नात माझ्या वडिलांनी दिलेला टॉवेल तुम्ही चार वेळा परत ढकलला होता, माझा भाऊ शेवटी तुमच्या मांडीवर टाकून पळाला. त्यांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "मंग सवय मोडाय पायजे. बसल्या जागी मोडत न्हाई ती. आजपास्नं सराव."

आणि त्याच रात्रीच्या जेवणापासून सराव सुरू झाला. मी भाकरी घेऊन गेले. पोरीचा हात लगेच ताटावर आडवा आला. तिच्या वडिलांनी तो हात बाजूला केला. "काय म्हणायचं?"

"हो, वाढ आई."

"आन?"

"धन्यवाद."

आम्ही तिघंही हसलो, पण पुन्हा वाढायला गेले तर पुन्हा हात आडवा. दुसऱ्या दिवशी दुपारी मला देणगीदार व्हावं लागलं. मला. पाहुण्याशी चार शब्द न बोलणारी मी, पाण्याची रिकामी कळशी कानाला लावून पुण्यातला निवृत्त इंजिनियर झाले. म्हणाले, "मी पाच हजार देतो." पोरगी म्हणाली, "नको." आणि कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा. "मी पाच हजार देतो बाळ." "हो सर, द्या." चेहरा मात्र असा की जणू चोरी करते आहे. मग तिचे वडील मोठे शेठ झाले, मिशीला पीळ देत म्हणाले की आमचा एक ट्रक टोमॅटो घ्या विद्यापीठाला. पोरगी म्हणाली, "घेते सर. पत्ता पाठवते." तेव्हा कुठं तिचा आवाज मोकळा झाला.

तिसऱ्या दिवशी माझी चुलत जाऊ कैरीच्या लोणच्याची वाटी घेऊन आली. नेहमीसारखं म्हणाली, घे गं थोडं. पोरीनं वाटी तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. "हो, द्या काकू. खूप खूप आभार. तुमच्या मदतीनं खरंच फरक पडतो."

जाऊ माझ्याकडं बघायला लागली. "ही अशी का बोलतीय? उपाशी ठेवलीय का पोरीला?"

मला समजावून सांगता येईना, हसून हसून पोटात दुखायला लागलं. जाऊ निघाली तेव्हा अंगणापासून दोनदा मागं वळून पाहिलं.

पण खरी गोष्ट राहिलीच होती. त्या आळ्याच्या सरांना परत फोन करायचा होता. कचेरीचा नियम असा की ज्यानं नाही म्हटलं त्याला त्या वर्षी पुन्हा फोन करायचा नाही. पण ते कुठं नाही म्हणाले होते? नको तर आपल्या पोरीनं म्हटलं होतं. कॉम्प्युटरवर देणाऱ्यानं नकार दिला अशी खूण करायची जागा आहे, मागणाऱ्यानं नकार दिला अशी जागाच नाही. पोरीनं मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, एक फोन कर. मी स्वतः ऐकत बसणार आहे. साहेबांना काय सांगायचं ते त्यानंतर ठरवू.

म्हणजे त्या एका फोनवर सगळं आलं.

त्या संध्याकाळी पठारावर वारं सुटलं होतं. बांबूला बांधलेला फोन हलत होता, रेंज येत होती, जात होती. पोरीचे वडील बराखीच्या आडव्या बांबूवर चढले आणि फोन दोन्ही हातांनी वर धरून उभे राहिले. "हलू नका दादा," पोरगी म्हणाली. "मी न्हाई हलत, बराख हलतीया," ते वरून म्हणाले. मी काठी हातात घेऊन दाराशी बसले होते. बिबट्या त्या वेळी आला असता तर मला कळलंही नसतं. पोरीनं हेडफोन एका कानावरून सरकवला, मला ऐकू यावं म्हणून.

रिंग गेली. एक, दोन, आणि मग ते बोलले. पोरीनं नाव सांगितलं, त्या दिवशी फोन तुटल्याबद्दल माफी मागितली. मग म्हणाली, "सर, त्या दिवशी तुम्ही देत होता आणि मी नको म्हणाले. ते मी चुकून..."

"अगं चुकून कसलं?" त्यांचा आवाज एकदम आमच्यातला झाला, पुणं त्यातून गेलं. "मी तिसऱ्यांदा म्हणायच्या आतच तुझा फोन बंद पडला. दोन नकोवर आपल्याकडं कोण उठतंय का? मी चार दिवस वाट बघतोय. माझी बायको म्हणायला लागली, ती पोरगी काय परत फोन करत न्हाई."

 पोरीचे डोळे मोठे झाले.

"मग आता तिसऱ्यांदा म्हणू का?" ते म्हणाले. "तेवढे देऊ?"

 वरून पोरीच्या वडिलांचा एक पाय बांबूवरून सरकला आणि त्यांनी तो तसाच हवेत धरून ठेवला. पोरीचा हात खाटेवरून उचलला गेला, आडवा धरायला. ताट तिथं नव्हतं. तिनं तो हात दुसऱ्या हातानं धरून मांडीवर ठेवला.

"हो सर," ती म्हणाली. "द्या."

ते खूप वेळ हसले. म्हणाले, मी पुण्यात आल्यावर मलाही हे शिकायला फार दिवस लागले. पहिल्या नोकरीत साहेबांनी पगार वाढवू का विचारलं तेव्हा मी नको म्हणालो होतो, आणि साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. हे सांगून पुन्हा हसले. मग म्हणाले, "शेजारी कोणीतरी आहे ना तुझ्या? श्वास ऐकू येतोय. आई आहेत का?"

पोरीनं हेडफोन काढून सरळ माझ्या डोक्यावर ठेवला. मी नको नको म्हणत होते, पण तोंडातून आवाज निघत नव्हता, त्यामुळे ते कोणाला कळलं नाही. कानात त्यांचा आवाज इतका जवळून आला की मी पदर सावरला.

"बाई, पोरीला वळण चांगलं लावलंय तुम्ही," ते म्हणाले. "पण आता तिला घ्यायलाबी शिकवा."

"शिकवलं," मी म्हणाले.

माझ्या अख्ख्या आयुष्यात अनोळखी पुरुषाशी फोनवर बोललेला तो पहिला शब्द. नीट निघाला, स्पष्ट. पोरीचे वडील वरूनच म्हणाले, "कोण बोललं?"

हिरवी खूण आली तेव्हा मॅडमचा चौकोनही उघडला. त्या डोळे पुसत होत्या, पण हसून. त्यांनी विचारलं, हे तीन वेळांचं खरंच असतं का? पोरीनं सगळं सांगितलं, नोट, मूठ, भाकरी, चिमटासुद्धा. मॅडमनी ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या चौकोनांना विचारलं की तुमच्याकडं पण असं आहे का, तर लातूरच्या मुलानं आणि नंदुरबारच्या मुलीनं हात वर केले. तेव्हापासून सगळ्यांना सांगितलं गेलं की गावाकडचा माणूस एकदा नको म्हणाला तर फोन ठेवू नका, गोडीनं पुन्हा विचारा, आणि तो देतो म्हणाला तर पहिल्याच वेळी घ्या. साहेबांनी पोरीचं काम चालू ठेवलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते कळलंच नाही. ती रोज संध्याकाळी बसायची आणि मी तिच्याजवळ. आता तिचा आवाज बदलला होता. नम्र तोच, पण पाय रोवून उभा राहिलेला. लोणीच्या एका दुकानदारानं वर्गणी दिली आणि वर विचारलं की तुमच्याकडं कांदा आहे का, दर काय लावणार. पोरीनं फोनचं काम झाल्यावर वडिलांचा नंबर दिला आणि चार गोण्या तशाच गेल्या. नारायणगावच्या एका डॉक्टरबाई रोज व्यस्त असायच्या. पोरीनं विचारलं, तुम्ही नक्की किती वाजता मोकळ्या असता, आणि बरोबर त्या वेळेला लावला. त्यांनीही वर्गणी दिली. काही जणांनी नाहीच दिली. त्याचंही आता वाईट वाटत नव्हतं, ती "पुन्हा बोलू सर" म्हणून पुढच्या माणसाकडं जायची.

पाऊस लागला तसा बराखीवर प्लास्टिकचा कागद टाकला. कागदावर पावसाचा आवाज मोठा होतो, म्हणून पोरगी जास्तच जोरात बोलायची आणि पलीकडचे विचारायचे, धबधब्याखाली बसलात का. मग एक दिवस तिची यादी संपली. जुन्नर-आंबेगावचं एकही माणूस उरलं नाही, आणि उचलीतला थोडा भाग अजून बाकी होता. कॉलेज सुरू व्हायला फार दिवस राहिले नव्हते. आमच्या तिघांची तोंडं पुन्हा उतरली. पोरीनं या वेळी वाट पाहिली नाही. मॅडमना स्वतःहून फोन केला आणि म्हणाली, मला अजून माणसं द्या.

आधीची तिची सवय असती तर मॅडम स्वतःहून विचारतील म्हणून ती बसून राहिली असती. मॅडमनी सांगितलं, बाकीच्या मुलांनी सोडून दिलेली नावं आहेत, फोनच न उचलणारी. चालतील? पोरगी पहिल्याच वेळी म्हणाली, "हो, द्या."

ती नावं चिवट निघाली. कोणाचा नंबर बदललेला, कोणी परदेशात, कोणी कामावर. तिनं वेळा बदलून बदलून लावले, सकाळी गोठ्याचं उरकल्यावरही बसायला लागली. पगार फोन लागला की मिळतो असं नव्हतं, बसल्या वेळेचा मिळायचा, म्हणून ती बसत राहिली. पोरीचे वडील रोज यायचे आणि आधी बराखीत डोकावून विचारायचे, "किती दिसांची उचल राह्यली?" ती बोटांनी दाखवायची. रोज एक बोट कमी.

शेवटच्या दिवशी मी बराखीत नव्हते. चुलीवर आमटी होती आणि पाऊस तिरका येत होता. मला पोरगी दिसली ती अंगणातून धावत येताना, डोक्यावर गोणपाट, हेडफोनची वायर मागं लोंबतेय, चप्पल एकाच पायात. तिचे वडील गोठ्यातून शेणाच्या हातांनीच बाहेर आले. तिनं कॉम्प्युटर छातीशी धरला होता, तो उघडून आमच्यासमोर केला. कचेरीनं पाठवलं होतं. इंग्रजीत होतं, मला वाचता येईना, म्हणून तिनं मराठीत वाचून दाखवलं. तिच्या वडिलांनी पुन्हा वाच म्हटलं, तिनं पुन्हा वाचलं. फीचे जेवढे घेतले होते तेवढे सगळे जमा झाले. शेवटच्या वर्षाला तिचं नाव लागलं. उचल पूर्ण फिटली.